काचेतले मासे

उद्घाटनाच्या मंडपात काचेच्या टाकीत लाल-पिवळे मासे मजेत पोहत होते. टाकीवर पाटी होती, ‘शुद्ध केलेले पाणी’. पाणी बोअरचं होतं.

तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आम्ही नवी टाकी बांधून वाढवला होता. प्लांटमध्ये घाण खरी खातात ते जिवाणू. नव्या टाकीत शेण-गूळ घालून ते वाढवायचे आणि केमिकलच्या पाण्याची सवय हळूहळू लावायची. घाई केली की मरतात.

“जुनी टाकी बंद करा. सगळ्या सांडपाण्याचा फुल लोड नवीवर घ्या,” मॅनेजरसाहेब म्हणाले. “उद्घाटन ठरलंय.”

“सर, जिवाणू मरतील.”

“मरू देत. शेण काय महाग आहे?”

जिवाणू मेले. शुद्ध पाण्यात मासे सोडून पाहुण्यांना दाखवायची आमच्या धंद्यात रीत आहे. आमच्या पाण्यातले मासे सकाळीच उलटे झाले, म्हणून साहेबांनी बोअरचं पाणी भरून नवे मासे आणवले. मी विरोध केला, तर म्हणाले, “तुम्ही प्लांट बघा.”

समारंभाला खाडीकाठची हिरुबाई आली होती. प्लांटचं पाणी त्याच खाडीत जातं. मासळीला वास येतो म्हणून तिने जाळं गुंडाळून ठेवलं होतं.

“सायब, टाकू का जालं?”

मी तिला बाजूला घेतलं. “इतक्यात नको. हे पाणी प्लांटचं नाही.”

ती हसली. “तुमी लय भित्रे. एवढ्या मानसांसमोर मोठं सायब खोटं बोलतील का?”

तिने जाळं टाकलं. बोयटं मिळाली, बोईसरच्या बाजारात हातोहात खपली. दुसऱ्या दिवशी बायका शिजवलेलं कालवण डब्यात घेऊन परत आल्या. घासलेटचा वास! सगळ्यांसमोर तिच्या टोपलीत ओतलं. पुढे तिने समुद्राची ताजी मासळी आणली तरी कुणी हात लावेना. बाजारात तिचं नाव पडलं ‘घासलेटवाली’. मला अजून संताप येतो. साहेबांना त्या वर्षी बढती मिळाली.

नंतर आम्ही शेण-गूळ घालून जिवाणू नीट वाढवले. पाणी खरोखर सुधारलं. मी मुद्दाम सांगायला गेलो, तेव्हा हिरुबाई दुसऱ्याच्या ओट्यावर मजुरीने कोळंबी सोलत होती.

“आता टाका जाळं. आमच्या पाण्यात मासे जगतायत.”

तिने मान वर केली नाही. “तवा पण जगतच होते, सायब.”

साहेबांचं एक मात्र खरं होतं. शेण महाग नाही. जिवाणू मेले तर पुन्हा वाढवता येतात. हिरुबाईचं गिऱ्हाईक कशाने वाढवायचं, ते आमच्या मॅन्युअलमध्ये नाही.