नाईक काकांची रॉ फाइल

आमच्या ग्रुपचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पण बाहेर पडलं की एखादा हाताला लागतोच. तीनच माणसं आहोत: मी, कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी शिल्पा आणि ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले नाईक काका. दर रविवारी सकाळी खांदा कॉलनीत चहा घ्यायचा आणि कॅमेरे घेऊन निघायचं. वाद कायम एकच, फोटो रॉमध्ये काढायचा की जेपेगमध्ये.

जेपेगमध्ये रंग-उजेड कॅमेराच ठरवतो आणि छोटी, तयार फाइल हातात देतो. रॉमध्ये सगळं जसंच्या तसं राहतं. फाइल मोठी होते आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून फोटो आपण घडवायचा. शिल्पा कट्टर रॉवाली. काका म्हणायचे, बटण दाबलं की फोटो झाला पाहिजे.

* * *

एकदा आपट्याला पाताळगंगेच्या काठी खंड्या दिसला. शिल्पाने धडाधड फोटो काढले. मोठ्या फाइली कार्डावर उतरेपर्यंत तिचा कॅमेरा अडकला, आणि नेमकी तेव्हाच खंड्याने झेप घेतली. मासा चोचीत धरलेला फोटो काकांना मिळाला.

काका शांतपणे म्हणाले, "खंड्याला थांबायला सांगायचंस ना."

* * *

मग सुकापूरला काकांच्या पुतणीचा साखरपुडा झाला. काकांनी आदल्या दिवशी घरातल्या पिवळ्या दिव्यासाठी कॅमेऱ्याचं सेटिंग बदललं होतं, ते तसंच राहिलं. हॉलमध्ये दिवसाचा उजेड, त्यामुळे सगळी मंडळी निळी आली. फाइली जेपेग. निळेपणा काढायला गेलं की शालू मातकट व्हायचा.

पुतणीने फोटो पाहून विचारलं, "काका, ह्यांना थंडी वाजत होती का?"

सगळे हसले, काका हसले नाहीत. पुढच्या रविवारी ते वही घेऊनच आले. "शिल्पा, रॉ कुठून चालू करायचं ते सांग. सावकाश सांग, मी लिहून घेतो."

* * *

काकांचं वय एकोणसत्तर. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, आता कशाला डोकं शिणवता? काकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज आंघोळ झाली की तासभर कॉम्प्युटरवर बसायला लागले. पहिला फोटो टेबलावरच्या पपईचा. त्याच्यावर चार दिवस गेले.

चौथ्या दिवशी काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. "पपई पिकली, कापली, खाल्ली. तुमचा फोटो अजून कच्चाच का?"



* * *

गेल्या वर्षी आम्ही उरणकडे एका कोळीवाड्यात गेलो होतो. होडीपाशी एक म्हातारे कोळी जाळं शिवत बसले होते. काकांनी त्यांना विचारून फोटो काढला, पण सूर्य त्यांच्या पाठीमागे होता. स्क्रीनवर चेहरा पार काळा दिसला. काका ओशाळले. तरी नीट झाला तर आणून देतो म्हणाले आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला नंबर देऊन आले.

घरी आल्यावर फोटो मागे पडला. दोन महिन्यांनी त्या बाईंचा फोन आला. म्हातारे गेले होते. घरात त्यांचा धड असा एकही फोटो नव्हता. "तुमी काढलेला हाय ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

काकांनी हो म्हटलं. मग वही उघडून बसले. फाइल रॉ होती. काळ्यातून आधी कपाळ आलं, मग डोळे, मग गालावरच्या सुरकुत्या. घाई केली की चेहऱ्यावर ठिपके उठायचे, मग काका पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. शिल्पाने मदत करते म्हटलं तर नको म्हणाले, मी शब्द दिलाय. सहाव्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं. चेहरा लख्ख दिसत होता. शिल्पा स्क्रीनजवळ वाकून एकेक सुरकुती बघत होती.

मोठी प्रिंट काढून, फ्रेम करून आम्ही तिघं ती द्यायला गेलो. बाईंनी फ्रेम मांडीवर घेतली. पदराने काच पुसली. खूप वेळ पाहिलं. काका हात जोडल्यासारखे उभे होते.

शेवटी त्यांनी फ्रेम काकांच्या हातात परत दिली.

"एवडा गोरा नव्हता तो," त्या म्हणाल्या. "थोडा उनात ठेवा त्याला."