बब्रुवानअण्णांची माशी

बब्रुवानअण्णा रोज सकाळी अंगणातल्या कोंबड्याची मान न्याहाळत उभे राहायचे. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनीही एवढं निरखलं नसेल. परंड्याच्या शाळेत शिकवत असताना मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते. पहिल्याच दिवशी मला वाटलं, हा माणूस कोंबड्याशी बोलतोय. बोलतच होते. "एकच पीस दे गड्या, आज शेवटचं."

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर मोबाइलवर त्यांना एक व्हिडिओ दिसला होता. परदेशातला कुणी म्हातारा गळावर कोंबड्याची पिसं गुंडाळून माशी बनवतो, ती पाण्यावर तरंगते आणि मासा फसतो. मासा राहिला बाजूला, अण्णाच फसले. बसचे नट पिळलेल्या त्या जाड बोटांनी ते शेगड्यात, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, इवलासा गळ आवळायचे आणि त्यावर दोरा गुंडाळत बसायचे. दोरा तुटला की तोंडात आलेली शिवी मला ऐकू जाऊ नये म्हणून मोठ्याने खोकायचे.

तळ्यावर त्यांची माशी झकास तरंगायची. मासे मात्र शेजारच्या गळावरच्या कणकेवर तुटून पडत. मी समजूत घालायला गेले तर म्हणाले, "मासा नको मला, बाई. एका जिवानं तरी हिला खरी माशी म्हणावं. लई झालं."

घोळ असा होता, की तो कोंबडा अण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, गुडघ्यासाठी म्हसोबाला बोललेला. नवसाच्या दिवशी पाहुणे जमले, वाटण झालं, आधण ठेवलं. काकूंच्या भावाने कोंबडा उचलला, तर मान पार उघडी. "ह्यो देवाला न्हाय चालत," तो म्हणाला, "खोट हाय." कोंबडा वाचला, अण्णा मेले. पाहुणे पिठलं खाऊन गेले. शेगडा भंगारात घाला, एवढं बजावून काकूंनी बोलणं टाकलं.

संध्याकाळी उरलेल्या पिठल्यावर आम्ही तिघं बसलो. अण्णांनी शेगडा खरंच पोत्यात भरला होता. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. भाकरी मोडताना त्यांच्या सदऱ्याला अडकलेली एक माशी सुटून ताटाच्या काठावर पडली. काकूंनी पदराने वारा घातला. ती हलेना. पुन्हा घातला.

अण्णांचा घास हातातच राहिला. "काय हाय तिथं?" त्यांनी हळूच विचारलं.

"माशी हाय," काकू फणकारल्या, "दिसत न्हाय व्हय तुमाला?"

अण्णांचे डोळे भरून आले.

"परत म्हण की," ते म्हणाले.