चार बोटं उंची आणि वाटीभर रस्सा

आमच्या सावद्याच्या रस्त्यावर मी अशी एक जीप उभी केली होती, की तिच्या पोटाखालून कोंबडी अकरा पिल्लं घेऊन, मान ताठ ठेवून, दमादमानं पलीकडे जायची. कोंबडी कशाला, एकदा एक वासरू गेलं. वासरू जरा लहान होतं, हे मान्य. पण त्यानं मान खाली घातली नव्हती, हे मी कुठल्याही देवळात सांगायला तयार आहे.

साठ-सत्तरच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी धुळ्याच्या एका उस्तादाकडे आठ वर्षं कमान-पाट्यांचं काम शिकलो. गाडीचं ओझं ज्या वाकड्या पोलादी पट्ट्यांवर तोललेलं असतं, ते हे पाटे. धुळ्याचे ट्रक म्हणजे दगड, खडी, कापसाच्या गाठी. एकेक ट्रक असा भरलेला, की बघणाऱ्याचीच कंबर मोडावी. मी त्यांना पाटे चढवायचो आणि ते हत्तीसारखे उठून उभे राहायचे. एक दिवस मला वाटलं, आपल्याला आता सगळं येतं. उस्तादांना तसं सांगितलंसुद्धा.

उस्ताद गाडीखालीच होते. बाहेरही न येता म्हणाले, "जाय, जाय. सहा महिनामा गुपचूप परत येशी. मनं दार उघाडंच शे."

त्या उघड्या दाराचा मला इतका राग आला, की दुसऱ्याच दिवशी मी हत्यारांची पेटी घेऊन थेट केळीच्या मुलुखात, सावद्याला आलो.

रस्त्याकडेला एका आबांचं केळीचं शेत होतं. आबा म्हणजे सहा फूट उंची, गालावर चोपून बसलेल्या मिशा आणि असं पांढरंशुभ्र धोतर, की बगळे त्यांच्याकडे बघून उडून जायचे. केळीचा चीक एकदा कपड्याला लागला की तो डाग कपडा फाटेपर्यंत सोबत राहतो. त्यामुळे केळीवाल्या गावात सगळ्यांचे कपडे चट्ट्यापट्ट्याचे. आबांचं धोतर तेवढं स्वच्छ. पंचक्रोशीत त्या धोतराला मान होता.

आबांनी मला शेताच्या कोपऱ्यावर पत्र्याची शेड टाकू दिली. दार मात्र लावू दिलं नाही. "पह्यले काम दाखव, मिस्तरी. दाराचं मंग पाहू." मी दाराच्या जागी गोणपाट टांगलं. वारा आला की गोणपाट उडायचं आणि मला धुळ्याचं ते उघडं दार आठवायचं.

मग एका सकाळी आबा त्यांची जीप घेऊन आले. लष्करानं काढून टाकलेली, मागचा भाग कापून माल वाहायला मोकळा केलेला. शेतापासून रस्त्यापर्यंतची वाट काळ्या मातीची आणि बैलगाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडलेली. जीपची चाकं चाकोरीत उतरली, की पोटाखाली लटकणारी गिअरची लोखंडी पेटी मधल्या उंचवट्यावर टेकायची.

"माही जीप पोट टेकवून बसते," आबा म्हणाले, "अन् मंग बैल जुपा लागतात. बैलं माह्याकडे पाहून हासतात रे!"

"बैलांचं हसणं बंद करतो, आबा."

"करशील?"

"बैल सलाम करतील!"

आबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "केळीची कापणी आठ दिवसांवर शे नं?" त्यांनी मुद्दाम धुळ्याच्या बोलीची नक्कल केली. "माल नीट ठेसनावर गेला, त दार लावजो. नाही गेला, त पत्रे काढजो अन् वापस धुयाले जाजो."

म्हणजे माझी शेड, माझं नाव आणि उस्तादांसमोरची माझी मान, तिन्ही त्या जीपवर चढली.

मी चाकोरीत बसून हातानं मोजलं. तळापासून उंचवटा एक वीत आणि चार बोटं. पेटीखाली जागा वीतभर. म्हणजे चार बोटांचं भांडण. वर एक बोट माजाचं धरायचं. जीपचे पाटे चाकं जोडणाऱ्या आसाच्या खाली बांधलेले होते. मी ते सोडवले, आसाच्या वर नव्या बैठका जोडल्या आणि पाटे त्यांच्यावर बसवले. जीप एका झटक्यात उठली. वर आणखी मजबुतीला म्हणून ट्रकचे तीन-तीन जाड पाटे चढवले. ब्रेकची नळी अपुरी पडली, ती लांब केली. इंजिनाकडून येणारा दांडा तिरका होऊन कण्हायला लागला, तेव्हा आसावरच्या बैठकांत पाचरी ठोकून त्याला सरळ केलं. सातव्या दिवशी जीपमध्ये चढायला आबांना दगडावर पाय ठेवावा लागला. मी तो दगड शेडसमोर कायमचा पुरून टाकला, इतका मला माज.

कापणीच्या दिवशी केळीचे घड वाळक्या पानांच्या गादीवर रचले. आबा चालवायला बसले, मी शेजारी. जीप चाकोरीत उतरली आणि उंचवट्याला स्पर्शही न करता निघून गेली. बांधावर बैल उभे होते. एकही हसला नाही. मी आबांकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे. स्टेशनपर्यंत आम्ही दोघंही मिशीत हसत होतो, आणि मला तर मिशीही नव्हती.

स्टेशनवर मारवाडी सेठजी दिल्लीच्या वॅगनमध्ये माल भरून घेत होते. त्यांनी पानं बाजूला केली, एक घड उचलला आणि थांबले. सालींवरून चीक ओघळत होता. दुसरा घड, तिसरा घड, तेच.

"आबा," सेठजी हळूच म्हणाले, "घड तर चोखा. पण वाटेत कुणी लाठीमार केला काय याच्यावर? दिल्लीला हा कोळसा होऊन उतरेल."

आबांनी घड हातात घेतला. चिकाचा एक ओघळ त्यांच्या धोतरावर पडला. आयुष्यातला पहिला डाग. त्यांनी घड जपून पानांवर परत ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. सगळा माल गावात वाटला गेला आणि मी शेडमध्ये येऊन पत्र्यांचे खिळे मोजायला लागलो. किती उपटावे लागतील, ते.

संध्याकाळी आबा आले. "पुढची कापणी पंधरा दिवसांनी. बैलाइचं हासू त तू बंद केलं, म्हून एक डाव आनखी. माह्या केयी काय्या का पडल्या, ते सांग."

"मला माहीत नाही, आबा." आठ वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

"मंग केयीले विचार."

तेच केलं. सकाळी रिकाम्या जीपमध्ये, वाळक्या पानांवर, जिथे घड असतो तिथे मी आडवा पडलो. आबांनी जीप चाकोरीत घातली. देवा! पहिल्या खड्ड्यात मी दोन हात उडालो, दुसऱ्यात सातपुडा पाहिला, तिसऱ्यात थेट बऱ्हाणपूर. उतरलो तेव्हा माझ्या पाठीवर केळ्यांची अशी निळी-काळी फणी उमटली होती, की सेठजींनी मलाही परत पाठवलं असतं.

पण कळलं. धुळ्याचा माल मुका. दगड तक्रार करत नाही, कापसाची गाठ करत नाही. त्यामुळे पाटा म्हणजे ताकद, एवढंच मी शिकलो होतो. जितका जाड तितका चांगला. केळीच्या अर्ध्या गाडीच्या वजनानं ते ट्रकचे पाटे तसूभर वाकलेच नव्हते. सगळे धक्के त्यांनी जसेच्या तसे वर पाठवले होते.

मी जाड पाटे काढून टाकले. उंची आसावरच्या बैठकांनी दिलेलीच होती, तेव्हा ती टिकली. त्या जागी लांब, पातळ पाटे घेतले. त्यांची टोकं घासून निमुळती केली, मध्ये ग्रीस भरलं. फार मऊ झालं तर गाडी खाली आपटू नये म्हणून जुन्या टायरचे तुकडे वर ठोकले. आता हे जमलं की नाही ते बघायचं कशानं? घड वाया घालवायला आबा तयार नव्हते. त्यांनी घरून शेवभाजीचा रस्सा मागवला. लालभडक, वर तेलाचा बोटभर तवंग.

"वाटी मागं ठेवू. सांडली त पाटा काढ."

पहिल्या फेरीत काठापासून चार बोटं रिकामी ठेवली, तरी अर्धी वाटी सांडली. एक पाटा काढला. तीन बोटं. मग आसाजवळ पुन्हा एक पातळ पाटा घातला, कारण मागून गाडी डोलायला लागली होती. दोन बोटं. त्या पंधरा दिवसांत जीपच्या मागे इतका रस्सा सांडला, की मुंग्यांनी तिखटाला कंटाळून गाव सोडलं. उरलेला रस्सा मी भाकरीशी खायचो. शेवटी एक बोट रिकामी वाटी चाकोरीतून रस्त्यापर्यंत गेली आणि थेंब सांडला नाही.

कापणीच्या दिवशी आबा नवं कोरं धोतर नेसून आले. हातात काठोकाठ भरलेली वाटी, एक बोटही रिकामं नाही. येऊन थेट मागे, घडांच्या मध्ये मांडी घालून बसले. "तू चालव."

"आबा, वाटी थोडी कमी..."

"मिस्तरी, चालव म्हनलं नं!"

मी चालवली. मागे वळून पाहण्याची हिंमत नव्हती. चाकोरीत गाडी पाळण्यासारखी झुलत गेली. वाटेत एकदा भुरका मारल्याचा आवाज आला. मी मनातल्या मनात गोणपाट काढून दार लावलं, पुन्हा दार काढून गोणपाट लावलं.

स्टेशनवर सेठजी आधी घडांकडे आलेच नाहीत. ते आबांच्या धोतराकडे बघत राहिले. बर्फासारखं पांढरं. मग त्यांनी पानं बाजूला केली, सालींवरून अंगठा फिरवला. अंगठा कोरडा. "चढवा," ते म्हणाले.

आबा उतरताना मात्र त्यांच्या मिशीवरून एक लाल थेंब धोतरावर पडला. गावात काही लोक अजून म्हणतात, तो वाटेत पडला. खोटं! गाडी तेव्हा उभी होती, इंजिन बंद होतं. मला वाटतं आबांनी तो मुद्दाम पाडला, माझं डोकं वाऱ्यावर जाऊ नये म्हणून.

चार दिवसांनी तीच जीप शेडसमोर आली. मागे आबांच्या गोठ्याचं जुनं सागवानी दार होतं. कुठे खरचटलेलंसुद्धा नाही. आम्ही दोघांनी मिळून ते बसवलं.

सहा महिने झाले, मी धुळ्याला गेलो नाही. एका दुपारी उस्तादच आले. आधी बाहेर उभ्या असलेल्या जीपखाली शिरले, बराच वेळ आतच राहिले. मी शेडच्या आतून, फटीतून बघत होतो. बाहेर आले, हात पुसले आणि मोठ्यानं म्हणाले, "पाटा पातळ करीसन गाडी उंच करी? कोनी शिकाडं तुले?"

"केळीनं, उस्ताद," मी आतूनच ओरडलो, पण जागचा उठलो नाही.

दाराला आतून कडी होती. त्यांना ते वाजवावं लागलं.