कोरकैचं जहाज पुन्हा पाण्यात

आमच्याकडे कुणी जेवायला आलं की बायको आधीच बजावते, "चेन्नईच्या त्या गेमचा विषय काढू नका, भात गार होईल!" तिचंही बरोबर आहे म्हणा. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा हजर. काम फुकटचं, माणसं इनमिन तीन, आणि टेन्शन असं की बँकेच्या ऑडिटलाही कधी आलं नाही!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझी सोलापूरहून चेन्नईला बदली झाली होती. कॉलेजात ज्या गेमपायी मी सगळी जर्नल्स बुडवली, तो 'कोरकै' याच शहरातल्या एका छोट्या कंपनीने केला होता हे मला तिथे गेल्यावर कळलं. कोरकै नावाच्या जुन्या तमिळ बंदरातून निघालेलं मोत्यांच्या व्यापाऱ्याचं जहाज, बेटं, वारा, खडक, चाचे. कंपनी केव्हाच बंद पडलेली. नव्या कॉम्प्युटरवर गेम टाकला, की नुसता काळा स्क्रीन. इंटरनेटवरच्या एका फोरमवर आम्ही काही वेड्यांनी ठरवलं, हा पुन्हा चालू करायचाच.

* * *

फोरमवर 'ॲडमिरल' नावाचा एक इसम होता. माझं आणि त्याचं हाडवैर. मी काहीही लिहावं, त्याने खाली "चूक" एवढंच लिहावं. एकदा माझं डोकं फिरलं आणि मी त्याला जाहीरपणे गाढव म्हणालो.

मग चेन्नईतल्या आम्ही तिघांनी प्रत्यक्ष भेटायचं ठरलं, टी. नगरमधल्या एका हॉटेलात. सेंथिल आधीच येऊन बसला होता. हा सॉफ्टवेअर कंपनीतला पोरगा, आमचा कोड लिहिणारा. मी मनातल्या मनात बाह्या सरसावून ॲडमिरलची वाट पाहत होतो.

आल्या एक साठीच्या बाई. सुती नऊवारी, हातात छत्री, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. आमच्या टेबलापाशी थांबल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "अविनाश कोण रे तुम्हांत?"

मी उभा राहिलो. त्या तंजावरकडच्या, रुक्मिणीबाई. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या. त्यांची मराठी ऐकली की वाटायचं, बखरीतलंच कुणी आपल्याला चहा विचारतंय.

"मीच ॲडमिरल," त्या म्हणाल्या. "तू मज गाढव म्हणालास. बैस. इडली थंड होत्ये."

त्या दिवसापासून मी त्यांना 'बाई' म्हणायला लागलो आणि फोरमवर वाद घालणं सोडून दिलं!

* * *

गेम ज्याने लिहिला त्या माणसाचा पत्ता सेंथिलने खूप खटपटीने काढला. अरुळ नाव. एन्नोरला राहायचे, बंदरावर नोकरी. मूळ कोड त्यांच्याकडे असला तरच आमचं काम होणार होतं, नाहीतर सगळं मुसळ केरात.

एका रविवारी मी आणि बाई बसने एन्नोरला गेलो. घरांच्या कौलांवर, तुळशीच्या पानांवर, सगळीकडे जवळच्या वीजकेंद्राच्या राखेचा थर. अरुळनी दार उघडलं. बाईंनी तमिळमध्ये 'कोरकै' एवढा शब्द उच्चारला मात्र, माणसाचा चेहराच बदलला.

"या घरात ते नाव काढायचं नाही!" म्हणाले आणि धाडकन दार लावून घेतलं.

मी म्हटलं, "बाई, चला." बाई हलेनात. पायरीवर बसल्या, छत्री उघडली. अरुळच्या बायकोने खिडकीतून पाण्याचा तांब्या दिला, नवऱ्याची नजर चुकवून. ऊन वाढत होतं. आत माणूस येरझाऱ्या घालतोय हे ऐकू येत होतं. मला वाटलं, आता हा शेजाऱ्यांना बोलावणार.

तेवढ्यात बाई मला मोठ्याने तमिळमध्ये म्हणाल्या, "चौथ्या बेटापाशी वारा उलटा वाहतो बघ. ज्याने लिहिलं, त्याला भूगोल येत नव्हता."

आतल्या येरझाऱ्या थांबल्या.

"आणि भरती-ओहोटीचं गणित तर कुणीतरी झोपेत केलंय."

दार उघडलं! "झोपेत? झोपेत? बेटामागे डोंगर आहे, वारा त्याला आपटून परत येतो! जुन्या घराच्या माडीवरून आम्ही दोघं समुद्र बघत... सोडा!" ते गर्रकन आत गेले, एक पत्र्याचा डबा घेऊन आले आणि बाईंच्या मांडीवर ठेवला. "यात सगळं आहे. बुरशी लागली असेल. काय करायचं ते करा. पण पुन्हा येऊ नका."

बसमध्ये बाई डबा पोटाशी धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "डोंगराचं मज ठाऊक होतं रे."

* * *

डब्यात जुन्या मोठ्या फ्लॉप्या निघाल्या. सगळ्यांवर पांढरी बुरशी! समुद्राकाठची हवा, दुसरं काय होणार? सेंथिल म्हणाला, बुरशीसकट ड्राइव्हमध्ये घातल्या, तर एका फटक्यात खरवडल्या जातील. आतली चकती बाहेर काढून धुवायची, वाळवायची, नव्या पाकिटात घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

चकत्या बाईंनी धुतल्या. कापसाने, अगदी हलक्या हाताने. त्यांच्या स्वयंपाकघरात दोरीवर चकत्या वाळत होत्या, शेजारी सांडगे.

शेवटच्या फ्लॉपीत गेमचा गाभा होता. अर्धी वाचून झाली आणि ड्राइव्ह करकरायला लागला. स्क्रीनवर प्रश्न आला: अबॉर्ट, रिट्राय, फेल?

सेंथिलने 'रिट्राय' दाबलं. कर्रर्र. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तो बाईंकडे वळला. "मॅडम, प्रत्येक वेळी चकती थोडी झिजतेय. आता थांबलो तर अर्धा कोड तरी हातात राहील. पुन्हा दाबलं आणि फाटली, तर त्याचाही भरवसा नाही."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. म्हणाल्या, "तिसऱ्या खेपेस पास झालेली मुलं मी पुष्कळ पाहिलीं आहेत. दाब."

त्याने डोळे मिटून दाबलं. ड्राइव्ह कण्हला, थांबला... आणि पुढे सरकला. अस्कं आलं! 'अस्कं' म्हणजे सगळं. हा बाईंचा शब्द. त्या दिवशी आम्ही तिघंही तोच ओरडत होतो.

* * *

मी तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहायचो. मॅन्शन म्हणजे राजवाडा नव्हे हो, ब्रह्मचाऱ्यांच्या खोल्यांची इमारत! माझ्या खोलीत उघडे कॉम्प्युटर, वायरी, सोल्डरिंगचा वास. खालच्या मॅनेजरला संशय आला आणि एका दुपारी मी आणि सेंथिल कामात असताना तो थेट एका हवालदाराला घेऊनच वर आला.

"हे काय बनवताय?" हवालदार.

"गेम," सेंथिल.

"दाखव."

आमची पंचाईत! कारण तोवर गेम सुरू व्हायचा, पहिल्या बेटापर्यंत जायचा आणि मरायचा. कितीतरी आठवडे सेंथिल कारण शोधत होता. आता बंद पडला, तर खरं कोण मानणार? मशिनं चौकीवर जाणार आणि त्यात सगळा कोड!

सेंथिलने गेम चालू केला. तुतारीचं संगीत वाजलं. हवालदार खेकसला, "आधी तो आवाज बंद कर!"

त्याने साउंड बंद केला. जहाज निघालं. पहिलं बेट जवळ आलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. जहाज बेटाला वळसा घालून पुढे गेलं! दुसरं बेट. तिसरं. सेंथिलचं तोंड उघडं. बिघाड त्या तुतारीतच होता!

"अरे डावीकडे घे, खडक आहे!" हवालदार ओरडला.

मॅनेजरने घसा खाकरून विचारलं, "सर, मशिनं उचलायची ना?"

"थांब जरा," हवालदार म्हणाला, "मोती विकू दे."

* * *

सेंथिलला मुलगी बघायला जायचं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी त्या संध्याकाळी त्याला फोन लावला. उचलला गेल्याबरोबर माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगून टाकलं, "आज बंदर पेटवायचंय. दारूगोळा तयार ठेव. माणसं मेली तरी चालतील!"

 पलीकडून एक भारदस्त आवाज, "मी मुलीचा बाप बोलतोय."

सेंथिलचा मोबाइल मुलीच्या घरी टेबलावर राहिला होता! पुढचे काही दिवस सेंथिल ना फोन उचले, ना फोरमवर येई. त्याचं लग्न मोडलं आणि आपला गेम बुडाला, अशी माझी खात्री पटली. बाई माझ्याशी मोजकंच बोलत होत्या, ते जास्त लागत होतं.

एके दिवशी तो हसत आला. मुलीच्या वडिलांनी घरात सगळ्यांसमोर जाब विचारला होता. याने घाबरत घाबरत गेमचं सांगितलं. तेव्हा आतापर्यंत खाली मान घालून बसलेली मुलगी म्हणाली, "बंदर पेटवण्याआधी गोदामातला माल काढलात ना?"

* * *

मूळ 'कोरकै' दोन कॉम्प्युटर केबलने जोडून दोघांना खेळता यायचा. सेंथिलने तेच इंटरनेटवर चालेल असं केलं. बोलायची सोय नव्हती. समोरच्या जहाजाला निशाण खाली-वर करून दाखवायचं, एवढंच.

गेम सर्वांसाठी खुला केला त्या रविवारी सकाळी आम्ही बाईंच्या घरी जमलो. आणि दारात कोण? अरुळ! बायकोने साडी घ्यायची आहे असं सांगून घराबाहेर काढलं आणि थेट इथे आणलं होतं. ते उंबऱ्यातच उभे राहिले. आत येईनात, परतही जाईनात. बाई मुकाट्याने खेळत राहिल्या.

कुठून कुठून लोक गेममध्ये येत होते. प्रत्येक जहाज बंदरात शिरायचं ते मुख्य वाटेने, कारण बाकी सगळीकडे खडकांची रांग. जो आडवाटेने आला, तो फुटला.

तेवढ्यात एक अनोळखी जहाज थेट खडकांवर चाल करून आलं. "गेला!" सेंथिल म्हणाला. पण जहाज फुटलं नाही. खडकांतून सरळ आत आलं.

"बग आहे!" सेंथिल उठलाच. "नकाशा तर मी जसाच्या तसा उचललाय. तिथून जाताच येत नाही!"

"बग नाही," दारातून आवाज आला. अरुळ आत आले होते. "एका जहाजापुरती फट आहे तिथे. मी ठेवली होती. एकालाच सांगितली होती."

"कुणाला, सर?"

ते स्क्रीनकडेच बघत राहिले. त्यांची बायको हळूच म्हणाली, "धाकट्या भावाला. गेम दोघांनी केला होता. कंपनी बुडाली तेव्हापासून बोलणं नाही. तो कुठे असतो तेही माहीत नाही."

ते जहाज बाईंच्या जहाजासमोर येऊन थांबलं होतं. त्याने निशाण खाली घेतलं. पुन्हा वर चढवलं.

"उठता का, मॅडम?" अरुळ म्हणाले.

बाई उठल्या. ते खुर्चीत बसले. बोटं कितीतरी वेळ कीबोर्डवर नुसती ठेवून होते. मग त्यांनी निशाण खाली घेतलं आणि सावकाश वर चढवलं. समोरचं जहाज जागचं हललं नाही.

"यातून बोलता येतं का?" त्यांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"नाही, सर," सेंथिल ओशाळून म्हणाला. "फक्त निशाण."

"बरं आहे," अरुळ म्हणाले.