पुडीवरचा चेहरा

"हात पुढं करा," अक्का म्हणायच्या. गिऱ्हाइकाने तळहात पुढे केला की त्यावर चिमूटभर तिखट ठेवायच्या. "आधी वास घ्या री. भाव मग विचारा."

धारवाडच्या सुभाष रोडवर माझं वह्या-पेनांचं दुकान आणि त्याला लागून अक्कांचं तिखट-मसाल्याचं. मधे एकच भिंत. आयुष्यातल्या निम्म्या शिंका मी त्यांच्यामुळे शिंकलो. वही घ्यायला आलेलं पोर शिंकलं की त्याची आई म्हणे, "सर्दी झाली वाटतं." मी सांगत असे, "सर्दी नाही, शेजारी ब्याडगी मिरची आलीय."

अक्कांचं सासर मूळचं मिरजेकडचं. नवरा गेल्यावर दिरांनी दुकान विकायचा विषय काढला, तेव्हा अक्का म्हणाल्या, "मिरची मला निवडता येते. विकायला तुम्ही शिकवा." पुढे त्यांना कुणी काही शिकवल्याचं मला आठवत नाही. मागच्या खोलीत चार बायका मिरचीचे देठ काढत, मशीनवर दळत, चाळत. कांदा-लसूण मसाला, शेंगांची चटणी, तिखट. धारवाडच्या खानावळी आणि आमच्यासारखी मराठी घरं त्यांच्याच मालावर जेवत होती.

लाल पुडीवर अक्कांचाच फोटो असे. मुलीने हट्टाने स्टुडिओत नेऊन काढलेला. अंगावर इरकली लुगडं, डोईवर पदर, आणि रागावल्यासारखा चेहरा. "हसा म्हणत होता तो," अक्का सांगत. "मी म्हटलं, तिखट विकायचंय, पेढे नाही."

पुड्या गावोगाव पोचवायला एक माणूस होता. मिसरूड फुटायच्या आधी कामाला लागलेला. अक्कांना सख्खा भाऊ नव्हता. त्या त्याला तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ, आणि दर दिवाळीत भाऊबीजेला ओवाळत. त्याचं लग्न त्यांनीच जमवलं. टेम्पोची किल्ली त्याच्या खिशात असे आणि ती कधी परत मागावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुकानाची पाटी खाली पडली तरी ती उचलायला आधी तेच धावतात.

एका सकाळी नवनगरच्या एक शिक्षिका दुकानात आल्या. हातात अक्कांचीच पुडी होती. त्या रागावल्या नव्हत्या, हेच अक्कांना जास्त लागलं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. "अक्का, लेक दवाखान्यात आहे," त्या म्हणाल्या. "पोटाला काय बाधलं ते डॉक्टर बघतायत. पण कालवणाचा रंग हाताचा जाईना, म्हणून पुडी घेऊन आले."

अक्कांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि त्यात ते तिखट सोडलं. पेल्यात लाल रेघा सुटल्या, कुंकू कालवावं तशा. मागच्या चारही बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी शिंकलंसुद्धा नाही.

"कुठं घेतलीत?"

"अळणावरला. माहेरी गेले होते."

अक्कांनी चपला घातल्या. "अण्णा, येता का बरोबर?" मी दुकानाचं शटर ओढलं.

अळणावरच्या बाजारातल्या त्या दुकानदाराने आम्हाला बसायला दिलं, चहा मागवला. पुडीवरचं तोंड समोर प्रत्यक्ष बसलेलं बघून त्याला आनंदच झाला होता. "तुमच्या दोन्ही पुड्या चालतात की, अक्का," तो म्हणाला. "नेहमीची आणि ही स्वस्तातली."

"स्वस्तातली कोण देतं?"

"तुमचा तम्माच की!"

अक्कांनी चहा पूर्ण प्यायला. त्याच्याकडच्या सगळ्या स्वस्त पुड्या पिशवीत भरून घेतल्या.  परतीच्या बसमध्ये पिशवी मला धरू दिली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तम्मा टेम्पोत माल चढवत होता. अक्का त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तम्मा, हात पुढं कर."

त्याने हसत हात पुढे केला. अक्कांनी पिशवीतली पुडी फोडून त्याच्या तळहातावर तिखट ठेवलं. "वास घे."

त्याने वास घेतला नाही. हात तसाच राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवनगरला भाड्याची खोली, टाकाऊ मिरची, कपड्याला लावायचा रंग, बाहेरून छापून आणलेल्या पुड्या.

"तुमच्या धंद्याचं काय कमी झालं, अक्का?" तो शेवटी म्हणाला. "तुमचा माल तुम्ही विकताच आहात की."

"माझं तोंड छापलंस रे त्याच्यावर," अक्का म्हणाल्या. "लोकांनी माझ्या तोंडाकडं बघून पोराच्या ताटात वाढलं."

त्याच पावली त्या पोलीस ठाण्यात गेल्या.

दीर हुबळीहून धावत आले. "वहिनी, दसरा तोंडावर आलाय. गुपचूप तेवढा माल उचलू आणि गप्प बसू. बोभाटा झाला तर आपला खरा मालही कुणी घेणार नाही."

"नाही घेतला तर नाही घेतला," अक्का म्हणाल्या. "पण ते लोकांनी खाऊ तर नये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भोंगा लावलेली रिक्षा केली आणि स्वतः माईक हातात घेतला. "मी तिखटाची अक्का बोलतेय. माझा फोटो असलेली लाल पुडी घरात असेल तर खाऊ नका. परत आणा. पैसे देते." हेच पुन्हा कानडीत, मराठी हेल काढून. रिक्षावाल्याला सवय होती सेलच्या जाहिरातींची. अक्कांनी श्वास घ्यायला माईक खाली केला की तो सिनेमातलं प्रेमगीत लावायचा. अख्ख्या धारवाडाने अक्कांची नाचक्की प्रेमगीताच्या चालीवर ऐकली. लोक हसले, पण पुड्या घेऊन आले.

खऱ्या आल्या, खोट्या आल्या, अर्ध्या संपलेल्याही आल्या. एका आजींनी भलत्याच कंपनीची हळद आणली. अक्कांनी तीही घेतली. ढीग जाळून टाका असं कुणीतरी सुचवलं. "सगळ्या गावाला खोकायला लावायचंय का?" म्हणत त्यांनी तो गावाबाहेर खड्डा खणून पुरायला लावला. पैसे चुकते करायला टेम्पो विकला.

दीर म्हणाले होते तसंच झालं. सरकारी माणसं तपासायला नमुने घेऊन गेली आणि अहवाल येईपर्यंत दुकान बंद राहिलं. अहवालात माल चोख निघाला. तोवर खानावळींनी दुसरीकडचं तिखट सुरू केलं होतं. आणि लोकांच्या बोलण्यात गोष्ट उलटी झाली होती. "अक्काच भेसळ करायच्या म्हणे. नोकराच्या गळ्यात घातलं." वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं दुकानासमोरून जाताना मोबाइलमध्ये बघू लागली. मी म्हटलं, अहवाल मोठा करून दारात लावा. अक्का म्हणाल्या, "कागद बघून कोण जेवतं, अण्णा?"

शिक्षिकेची मुलगी बरी होऊन घरी आली, तेव्हा अक्का तिला बघून आल्या. त्या दिवशी भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं. मी गेलो नाही. थोड्या वेळाने ठोकाठोकी ऐकू आली, तेव्हा गेलो. मागच्या खोलीतलं दळायचं मशीन दुकानाच्या तोंडाशी, रस्त्यासमोर आणून बसवणं चाललं होतं.

"आता पुडी बंद," अक्का म्हणाल्या. "ज्याला पाहिजे त्यानं डबा आणावा. मिरची त्यानं निवडायची, आम्ही त्याच्यासमोर दळायची."

पहिले कित्येक दिवस त्या मशीनसमोर फक्त मी डबा घेऊन उभा असायचो. आमच्या घरात इतकं तिखट साठलं की बायकोने हात जोडले.

अशाच एका दुपारी तम्माची बायको आली. तो तुरुंगात होता. तिने रस्त्यावर उभी राहून अक्कांना शिव्याशाप दिले. मग आवाज गेला तिचा. "तक्रार मागं घ्या, अक्का. पाया पडते."

"तक्रार मागं घेणार नाही," अक्का म्हणाल्या. "तू सांगितलंस तरी नाही, त्याच्या आईनं सांगितलं तरी नाही. काम पाहिजे असेल तर उद्यापासून ये."

ती थुंकून निघून गेली. महिनाभराने आली. चौघी बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एक म्हणाली, "अक्का, हिला निदान मागं बसवा. लोक काय म्हणतील?" अक्कांनी तिला पुढच्या मशीनवर बसवलं. "चोरी हिनं केली नाही. मग लपायचं कशाला?"

लोक बघायला यायचे. बघता बघता मिरची निवडू लागले. ती शिक्षिका आली, शेजारणींना घेऊन आली. एक खानावळवाला आला, मग दुसरा. धंदा पूर्वीएवढा काही झाला नाही. अळणावरला अक्कांचं तिखट पुन्हा कधी गेलं नाही. पण चारच्या पाच झालेल्या बायकांचा पगार एकदाही चुकला नाही. कोर्टाची प्रत्येक तारीख अक्कांनी गाठली. त्या दिवशी तम्माची बायको दुकान सांभाळायची. दोघींनी त्याबद्दल एकमेकींशी कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही.

गुडघे गेले तेव्हा अक्का मिरजेला मुलीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. दुकान आता त्या पाचजणी चालवतात.

तम्मा शिक्षा भोगून आलाय. मजुरी करतो. संध्याकाळी बायकोला न्यायला येतो आणि रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो. अक्कांनी त्याला दुकानात येऊ नको असं कधीच म्हटलं नव्हतं. परवा ऊन फार होतं. मी हाक मारली, "अरे, इकडं सावलीत ये. आता कोण आहे तुला बोलणारं?"

त्याने मान हलवली. "नको, अण्णा. हितंच बरं हाय."

मशीन बंद झालं. त्याची बायको पदर झटकत बाहेर आली आणि रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेली.