दुखवट्यातला पाय दिवस

गणपतीनंतर बाई गेल्या, तेव्हापासून मी गोड खाल्लेलं नाही. बाई म्हणजे गणिताच्या रिटायर शिक्षिका. मी लातूरकडची, सातवीतून शाळा सुटलेली. कोपरीत त्यांच्याकडे स्वयंपाकाला आले आणि राहिलेच. त्यांनी मला घर दिलं, हे मी विसरायची नाही.

त्यांच्या मुलाने आईसाठी धरलेला दुखवटा दिवाळीत नातेवाइकांनी काढला, पुण्यात, त्याचं तोंड गोड करून. माझा कोण काढणार? मी कुठे नात्यातली! खरं तर मला काढायचाही नव्हता. दुखवटा आहे तोवर बाई घरात आहेत, असं वाटायचं. कणीक मळताना पाठीमागे कुणीतरी उभं असायचं. वळून बघायची हिंमत व्हायची नाही.

चौदा मार्चला बाईंच्या शिकवणीची मुलं दारात. महिना आधी लिहिला की तीन-चौदा, आणि वर्तुळाच्या गणितातला पाय म्हणजे तीन पॉइंट एक चार, म्हणून बाई त्या दिवशी पाय दिवस करायच्या. माझ्या पुरणपोळ्या, मुलांचे दोरे. पोळीच्या कडेने दोरा फिरवून कापायचा, मग तोच पोळीवर आडवा मोजायचा. पोळी लहान असो की मोठी, तीनदा भरून थोडासा उरायचाच.

"दुखवट्यात पुरण घालत नाहीत रे," मी म्हटलं.

"अगं मावशी, हा काय पंचांगातला सण आहे?"

"बाई करायच्या म्हणजे सणच."

"मग तू नको करू. आम्ही आणलंय ना!"

उत्तपे, नानकटाई, एकाचा पिझ्झा.

"चौकोनी बॉक्समधून गोल आणलास? बाईंनी धुतलं असतं तुला!" दुसरा त्याला म्हणाला.

एकीचा दोरा चटणीत बुडाला. सगळे हसले. मीही हसणार होते, तेवढ्यात ओट्यापाशी कुणी सरकल्यासारखं झालं.

मग तीच मुलगी डब्यातली पुरणपोळी मोडून माझ्यापुढे आली. "मावशी, आ कर. आई म्हणाली, आधी मावशीला भरव. तिचा दुखवटा कुणी काढला नसेल."

माझ्या गावापासून एवढ्या लांब कुणाच्या तरी आईला माझी आठवण झाली. नाही म्हणवेना. मी तोंड उघडलं.

मुलं परत दोऱ्यांकडे वळली. मी घास गालात धरून ओट्याला टेकले. गिळला की बाई जातील, एवढंच डोक्यात.

"मावशी, तीन आणि वर थोडंसं!" हॉलमधून मुलं ओरडली.

मी नुसतं हुं केलं, तोंड मिटूनच.