गप्प बसलेल्या भोंगेकाकांचं चरित्र

आमच्या इंग्रजीच्या बाईंना दर वर्षी एक नवं खूळ लागतं. यंदाचं खूळ चरित्राचं होतं. प्रत्येकाने एका साध्या माणसाची मुलाखत घ्यायची, त्याचं चरित्र इंग्रजीत लिहायचं आणि त्या माणसाला वर्गात समोर बसवून वाचून दाखवायचं. "डॉक्टर नको, वकील नको, पुढारी तर नकोच," बाई म्हणाल्या. "ज्याच्यावर कुणी काही लिहिणार नाही, असा माणूस शोधा."

मी पहिल्या फटक्यात भोंगेकाकांचं नाव सांगून टाकलं. त्यात माझा स्वार्थ होता. ते आमच्या शेजारी राहायचे, बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना भोंगेकाका म्हणायची. एक विचारलं की चार सांगणारा माणूस. वही उघडून त्यांच्यासमोर बसलं की चरित्र आपोआप लिहून होणार, असा माझा हिशोब होता. बाईही खूश झाल्या, कारण त्यांचे यजमान त्याच बसस्थानकाचे साहेब होते.

कसलं काय! "काका, तुम्ही लहानपणी कसे होता?" असं मी विचारलं, तर काकांनी काकूंकडे बोट दाखवलं. पुढच्या प्रश्नाला नुसती मान हलवली. त्याच्या पुढच्याला तर उठून हात धुवायला गेले, ते आलेच नाहीत.

"घसा बसलाय गं त्यांचा," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मला विचार ना. त्यांच्याबद्दल त्यांच्यापेक्षा मलाच जास्त माहीत आहे."

"पण मघाशी तर स्थानकावर बोलत होते. मी शाळेतून येताना ऐकलं."

काकूंचा हात थांबला. "तिथे बोलून बोलूनच बसलाय," त्या म्हणाल्या आणि निवडून झालेली भाजी पुन्हा निवडायला लागल्या.

मग काकूंनीच सगळं सांगितलं. काका आधी गाड्यांच्या टपावर सामान चढवायचे. एकदा एक म्हातारे गृहस्थ चुकीच्या गाडीत बसून भलतीकडेच पोचले, तेव्हापासून काका टपावरूनच प्रत्येक गाडीच्या गावाचं नाव ओरडायला लागले, फुकट. तेव्हाच्या साहेबांनी ते ऐकलं आणि त्यांना खाली उतरवून माइकसमोर बसवलं. काकूंना बघायला आले, तेव्हा "नाव काय तुमचं?" असं त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं की शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले. "मला वाटलं, हा माणूस भांडायलाच आलाय," काकू हसत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वडिलांचं काही बिनसलं की ते महिनोन्‌महिने कुणाशी बोलायचे नाहीत. भांडी आपटल्याचा आवाज तेवढा यायचा घरात. मी ठरवलं, लग्न करीन तर ह्याच माणसाशी."

मी ते सगळं उतरवून घेतलं आणि बाईंना नेऊन दाखवलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ज्याचं चरित्र, त्याच्या तोंडचं एक वाक्य नाही यात. घोषणा करणाऱ्या माणसाला तू गप्प बसवलंस? परत जा. परवा मला पूर्ण हवं."

मला असा राग आला म्हणता! मी दप्तर पाठीवर टाकलं आणि तडक बसस्थानक गाठलं. चौकशीच्या खिडकीच्या वर काकांची काचेची खोली होती, तिला लोखंडी जिना होता. मी चढत होते तेव्हाच घोषणा सुरू झाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक तीनवर..." आणि मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. तीन नंबरच्या घोषणेला ही शिट्टी मी बरेच दिवस ऐकत होते. मला वाटायचं, कँटीनमधली असेल.

मी दार ढकललं. काका माइकला एक जुना मोबाइल लावून बसले होते. घोषणा चालू होती आणि काकांचं तोंड मिटलेलं होतं.

मला बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात मागून काकू डबा घेऊन वर आल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मोबाइलकडे, आणि आधी दाराला कडी लावली.

"आता कळलंच आहे, तर नीट ऐक," त्या हळू आवाजात म्हणाल्या. काकांच्या घशात गाठ झाली होती. ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. गप्प राहिलात तर आवाज परत येईल, ओरडलात तर कायमचा जाईल. दोन-तीन दिवसांपलीकडे रजा घ्यायची सोय नव्हती. घोषणा करणारं मशीन साहेबांनी केव्हाच मागवून कपाटात ठेवलं होतं, ते फक्त काकांची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत होते. म्हणून ऑपरेशनच्या आधी काका रविवारभर, बाहेरचा आवाज नको म्हणून, गाद्यांच्या कपाटात तोंड घालून बसले आणि एकूण एक घोषणा मोबाइलमध्ये भरून ठेवल्या. "कुकर बंद करायचा मी विसरले," काकू म्हणाल्या. "आता पुढचा महिना निघाला की सुटलो. पण तू तुझ्या बाईंसमोर हे वाचलंस, तर संध्याकाळी साहेबांच्या कानावर जाईल. पोरी, तुझ्या पाया पडते."

घरीसुद्धा काका बोलत नव्हते. म्हणजे इतके दिवस त्या घरात काकू एकट्याच बोलत होत्या. मला एकदम कसंतरी झालं. "मी कुणाला नाही सांगणार," मी म्हणाले. बाईंना काय सांगायचं, हे मात्र मला सुचत नव्हतं.

काकांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि सवयीने काचेतून खाली बघितलं. बघितलं ते बघतच राहिले.

स्थानकाच्या मागच्या चढावर गाड्या धुवायची जागा होती. तिथली एक रिकामी गाडी हलली होती. आत चालक नव्हता, इंजिन बंद होतं, म्हणून आवाज असा नव्हताच. ती उतारावरून उलटी, अगदी सावकाश, पाच नंबरच्या फलाटाकडे निघाली होती. फलाटावर माणसं तिच्याकडे पाठ करून सामानावर बसली होती. एक बाई मांडीवर पोर घेऊन पेंगत होती.

काकांनी मोबाइल उचलला. त्यांचं बोट भराभर खालीवर फिरत होतं, पण असली घोषणा त्यात असणार कुठून? मी माइक ओढला आणि जीव खाऊन ओरडले, "पाच नंबरवर गाडी येतेय! गाडी येतेय!"

बसस्थानकावर गाडी येतेय म्हटल्यावर माणसं काय करणार? सगळी उठली, पिशव्या उचलल्या आणि धक्काबुक्की करत फलाटाच्या कडेला, नेमकी त्या गाडीच्या वाटेत आली. गाडीने आता वेग घेतला होता.

काकू ओरडल्या, "अहो, नको!"

काकांनी मला खांद्याने बाजूला लोटलं आणि माइकमध्ये तोंड घातलं. "मागे बघा! गाडी सुटलीय! पळा, तिकीट खिडकीकडे पळा!"

तो आवाज मी कधीच विसरणार नाही. पत्रा फाडल्यासारखा होता. सगळ्यांनी एकदम मागे बघितलं आणि एकच पळापळ झाली. त्या बाईला तिच्या पोरासकट कुणीतरी ओढलं. काका ओरडतच होते, शब्द तुटत होते, नुसती हवा येत होती, तरी ते थांबेनात. गाडी फलाटावर चढली, बाकडं मोडून खांबाला धडकली आणि थांबली. एकाही माणसाला खरचटलं नाही.

काका खाली बसले. त्यांनी गळा दोन्ही हातांनी धरला होता.

साहेब धापा टाकत वर आले. "कोण ओरडलं? कुणाचा आवाज होता तो?" या गडबडीत काकूंचा हात टेबलावरच्या मोबाइलवर पडला आणि काकांच्या खणखणीत आवाजात घोषणा सुरू झाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." शिट्टीसकट. साहेबांनी मोबाइलकडे बघितलं, मग जमिनीवर बसलेल्या काकांकडे. त्यांना सगळं कळलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी काकांचा सत्कार केला आणि त्याच आठवड्यात मशीनही बसवलं. काकांची बदली पार्सलच्या खोलीत झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आवाज आता येणार नाही. कान अगदी तोंडाशी नेला तर कुजबुज ऐकू येईल, तेवढीच.

बाईंनी मला मुदत वाढवून दिली होती. चरित्र वाचायच्या दिवशी काका आणि काकू वर्गात समोरच्या खुर्च्यांवर बसले. मी वाचलं. शेवटी मी लिहिलं होतं की या माणसाने आपला आवाज देऊन इतक्या लोकांचे प्राण वाचवले. टाळ्या कडाडल्या. बाईंनी डोळे पुसले आणि काकूंना त्या इंग्रजीचा अर्थ समजावून सांगितला. "तुम्हाला किती अभिमान वाटत असेल!"

"वाटतो ना," काकू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम चढला. "पण प्रत्येकजण मला हेच येऊन सांगतो. साहेब सांगतात, तुम्ही सांगता, हिनेही तेच लिहिलंय. ती माणसं वाचली, चांगलं झालं. ती आपापल्या घरी जाऊन बोलत बसली असतील. आमच्या घरी आता भांड्यांचा आवाज येतो. ते लिहिलंय का कुणी?"

ते मी लिहिलं नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं.

काका खुर्चीतून वाकले. त्यांनी काकूंची मान हळूच आपल्याकडे वळवली, कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. पहिल्या बाकावर असूनही मला एक अक्षर ऐकू आलं नाही. काकूंनी डोळे मिटले होते.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं, आणि मला खूण केली, लिहून घे म्हणून. काकांच्या तोंडचं एक वाक्य हवं होतं ना त्यांना.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "ते माझ्यासाठी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहीत नको."